जुना पीसी भंगारात घालू नका! आपापले उपाय इथं लिहा (सांगली-सातारा)

कृष्णाकाठचा_गेमर
मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचली आणि कपाटातल्या हिरव्या चार जीबी रॅमची आठवण झाली. आता कारखान्यांना एआय डेटा सेंटरची मेमरी बनवण्यात जास्त पैसा दिसतोय, त्यामुळं घरच्या पीसीची रॅम मागं पडली आणि महागली. त्यातच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून सगळे सांगतायत, नवीन घ्या. माझं मत सरळ उलटं आहे. चौथ्या-सहाव्या जनरेशनचा आय फाइव्ह अजून अभ्यास, कोडिंग आणि २०१८ पर्यंतचे बरेचसे गेम आरामात ओढतो. मशीन मेलं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वीज, धूळ, हार्ड डिस्क नाहीतर रॅमचा कॉन्टॅक्ट, यातलं एक काहीतरी बिघडलेलं असतं.

सुरुवात रॅमपासून. भिंतीवरचं बटण बंद करा, मग पीसीचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. रॅम काढा आणि सोनेरी पट्ट्यांवर पांढरा खोडरबर एकाच दिशेनं फिरवा. उजेडात तिरकं धरलंत तर पट्टीवर तपकिरी साय आल्यासारखी दिसते, ती गेली पाहिजे. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, कोरड्या ब्रशनं झटका. परत बसवताना कडेच्या खिट्ट्या आपोआप टक्कन बसल्या पाहिजेत. खिट्ट्या बोटानं ओढून लावाव्या लागल्या तर रॅम पूर्ण आत गेलेली नाही, हे नक्की. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा. शेवटी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती रॅम बाद.

आता तुमचं येऊ द्या. पार्ट कुठला, काय केलं, काय चुकतं, सगळं लिहा.

कुपवाड_एमआयडीसी
रॅम नंतर. आधी वीज बघा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडं दर तिसऱ्या घरात. लोक एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदलतात आणि झिणझिण्या तशाच राहतात. कारण एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर अर्धा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास दिसतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी, एचडीएमआय लावता-काढताना पोर्ट जातात ते यानंच.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंग शंभर-सव्वाशे दाखवून हलत असेल तर अर्थिंगच्या भोकात वायरच नाही किंवा खड्डा कोरडा पडलाय. काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. नवीन पाईप घालायचा असेल तर वायरमनकडूनच घाला, स्वतः करू नका.

गावभाग_वाडा
बरोबर आहे दादा. वाड्यांत जुनं दोन वायरींचं वायरिंग आहे, तीन पिनच्या सॉकेटला तिसरी वायर नसतेच. काही जण न्यूट्रललाच अर्थिंगच्या पिनेला जम्पर मारतात. तसं अजिबात करू नका, खांबावरचा न्यूट्रल सुटला तर अख्खं कॅबिनेट जिवंत होतं.

गळीत_हंगाम
आमच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्याची काजळी. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तीच पीसीत जाते, आणि ही धूळ साधी नसते. हलकी, काळी, जरा चिकट. सीपीयू थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत फॅनच्या खाली तिची वाकळ तयार होते. वरून फॅन फिरताना दिसतो म्हणून लोक फसतात. फॅनचे चार स्क्रू काढल्याशिवाय ती वाकळ दिसत नाही.

ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर हवेनं भलत्या स्पीडनं फिरतो आणि बेअरिंग जातं. ब्लोअर वीतभर लांब, आणि पीसी अंगणात नेऊन, घरात नाही. हंगामात पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी.

पेस्ट (सीपीयू आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट): जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल ९९ टक्के आणि स्वच्छ सुती कापडानं पुसा. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, बोटानं पसरवू नका. हीटसिंक सरळ खाली दाबा, स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळा. इंटेलच्या जुन्या पुश-पिन कूलरमध्ये चारपैकी एक पिन अर्धवट बसते, तेवढ्यानं सीपीयू ९५ च्या वर जातो आणि गेम अडखळतो. बोर्ड उलटा करून चारही काळ्या पिना मागून बाहेर आल्यात का बघा.

एएमडीचा जुना कूलर काढताना थेट वर ओढू नका. पेस्ट वाळली असेल तर सीपीयू सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडं पिळत काढा.

हळद_पेठ
मार्केट यार्डाजवळ काजळीपेक्षा हळदीची धूळ. पिवळी वाकळ असते इतकंच 🙂 उपाय तोच.

कराडची_तायडी
विंडोजचं लिहिते, भात कुकरला लावलाय तोवर.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (पीसी सुरू करायची नवी पद्धत) आणि ढोबळमानानं इंटेल आठवी जनरेशन किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं मशीन असेल तर तीन रस्ते. एक, विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो. दोन, अटी चुकवून ११ टाकणं. चालतं, पण पुढचं मोठं अपडेट अडकलं की रडायची वेळ येते, त्यामुळं मी कुणाला सुचवत नाही. तीन, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.

मिंटला घाबरू नका. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर रुफस या प्रोग्रॅमनं आयएसओ (मिंटची डाउनलोड केलेली फाइल) लिहा, त्यावरूनच बूट करून आधी वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. तोवर डिस्कला हात लागत नाही. सगळं चाललं तरच इन्स्टॉल करा. गेमसाठी स्टीममध्ये (वाल्व कंपनीचं गेमचं दुकान) कंपॅटिबिलिटी सेटिंगमध्ये प्रोटॉन चालू करा. वाल्वनं ते २०१८ मध्ये आणलं आणि विंडोजचे पुष्कळ गेम त्यावर सरळ चालतात. चालत नाहीत ते विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये शिरणारे अँटी-चीटवाले (चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम असलेले). व्हॅलोरंट लिनक्सवर चालणार नाही, त्यावर वेळ घालवू नका.

मराठी टायपिंगसाठी मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं घाला, इन्स्क्रिप्ट मिळतं.

अजिंक्यताऱ्याखाली
तायडे, फोनेटिक पण मिळतं का? बाबांना इन्स्क्रिप्ट येत नाही.

कराडची_तायडी
मिळतं. त्याच एम१७एनमध्ये मराठी फोनेटिक आहे. भात झाला, नंतर येते.

विश्रामबागकर
सिक्युअर बूटचं (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सेटिंग) कुणी लिहिलं नाही. बॅटलफील्ड ६ सारखे नवे गेम सिक्युअर बूट मागतात. पोरं बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाची सेटिंग) जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू करायची सोय) बंद करतात आणि पीसी चालूच होत नाही, मग फॉरमॅट. फॉरमॅटची गरज नसते! डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते, एवढंच कारण.

क्रम असा. आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड बघा. लेगसी असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) थांबवा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून एमबीआर२जीपीटी आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्टवर चालवा, दोन्ही वेळा अलाऊ-फुल-ओएस जोडून. यशस्वी झालं की मगच बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. व्हॅलिडेटलाच नापास झालं तर बहुतेकदा डिस्कवर आधीच चार पार्टिशन असतात. एक कमी करा.

कोरेगाव_स्टँड
सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. जुन्या कार्डाचं बायोस बदलून एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, १०५० टीआय असेल तर ७६८ शेडर (कार्डाचे गणिती गाभे) आणि चार जीबी जीडीडीआर५ दिसलं पाहिजे. एएमडीच्या आरएक्स ५८० मध्येही दोन जाती आहेत, २३०४ शेडरचं खरं आणि २०४८ चं हलकं. भाव एकच सांगतात. दुकानातच पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर ताण देणारी चाचणी चालवायला लावा. स्क्रीनवर ठिपके, रेघा आल्या की हात जोडून बाहेर पडा.

१०५० टीआयची एक सोय म्हणजे ७५ वॉटमध्ये चालतं. बहुतेक कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळं ऑफिसच्या डेस्कटॉपच्या छोट्या एसएमपीएसवरही निभतं. पण एनव्हिडियानं या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षा अपडेट, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. जुने गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही. नव्या गेमसाठी मात्र आज ते घेऊ नये.

मिरज_जंक्शन
मुलगा गेममध्ये पैसे लावतो असं शेजारी सांगतात. सरकारनं बंद केलं होतं ना ते? कुणी सांगेल का.

कृष्णाकाठचा_गेमर
काका, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, त्यांची जाहिरात आणि पैशांचे व्यवहार यांवरही. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम त्यात नाहीत. बीजीएमआयसारख्या गेममध्ये कपडे, स्किन विकत घेतात ते वेगळं. फोनच्या प्ले स्टोअरमध्ये पेमेंटच्या आत खरेदीचा इतिहास बघा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं सेटिंग चालू करा. त्याच्याशी एकदा शांतपणे बोला, आधीच रागावू नका.

मिरज_जंक्शन
बरं. बघतो आज.

पूररेषा
पुराचं लिहितो, कारण इथं ते लागतंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ मध्ये परत पूर.

पाण्यात गेलेला पीसी चालू होतो का हे बघायला बटण दाबू नका. सगळं नुकसान तिथंच होतं. सगळ्यात आधी बोर्डावरचा गोल सेल काढा. वीज नसली तरी तो तीन व्होल्ट देत राहतो आणि ओल्या बोर्डाच्या रेषा हिरव्या करून खातो.

बोर्ड मोकळा करा, गाळ असेल तर नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, मग गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरनं. मऊ टूथब्रश चालेल, पण सीपीयूच्या सॉकेटमधल्या पिनांना ब्रश लावायचा नाही. मोठ्या चिपच्या खाली गाळ अडकतो. बोर्ड उभा धरून कडेनं आयसोप्रोपाइल अल्कोहोल सोडा, खालून गढूळ थेंब पडायचे थांबेपर्यंत. घरात, खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि दिव्यापासून लांब. मग पंख्याखाली चार-पाच दिवस.

एसएमपीएस भंगारात. उघडूच नका, आत मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात.

हार्ड डिस्कचा नियम उलटा: उन्हात वाळवायची नाही! तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीवर सिमेंटसारखा बसतो. डेटा महत्त्वाचा असेल तर ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं द्या. एसएसडी त्या मानानं सोपी, बोर्डासारखीच धुवून वाळवता येते.

विश्रामबागकर
हे सगळ्या गल्लीला पाठवतो. जूनच्या आधी सगळ्यांनी वाचलं पाहिजे.

पाचगणी_धुकं
इकडं पूर नाही, पण जून ते सप्टेंबर नुसती ओल. पीसी बरेच दिवस बंद ठेवून एकदम चालू करू नका. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेनं ओल धरत नाही. प्लास्टिकचं कव्हर मात्र चालू असताना काढाच, आणि बंद केल्यावर थंड झाल्याशिवाय घालू नका, आत दव धरतं.

चाळकेवाडी_पवनचक्की
जुन्या आय फाइव्हचा अजून एक उपयोग. पठारावर अमावस्येच्या आसपास फोन ट्रायपॉडवर, प्रो मोड, आयएसओ १६००, पंधरा सेकंद, फोकस अनंतावर, टायमर दोन सेकंद, रॉ फाइल. असे तीस फोटो, मग लेन्स झाकून त्याच सेटिंगला दहा. घरी सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे, नॉइज जाते आणि आकाशगंगेचा पट्टा वर येतो. सिरिल लिनक्सवरही चालतं. आठ जीबी रॅममध्ये तीस फोटो होतात, पण फायली हार्ड डिस्कवर असतील तर चहा करून या. साध्या साटा एसएसडीवर फरक लगेच कळतो. आकाशगंगेचा मधला भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे, मेमध्ये रात्रीच दिसतो.

अजिंक्यताऱ्याखाली
पहाटे पठारावर थंडी केवढी! फोनची बॅटरी पटकन उतरते, खिशात गरम ठेवा.

येलूर_फाटा
गावाकडचा इन्व्हर्टर: मागं यूपीएस मोडचं बटण असतं. नॉर्मल मोडला वीज गेली की पीसी रीस्टार्ट होतो, कारण बदल व्हायला लागणारा वेळ एसएमपीएसला झेपत नाही. त्याची धाव सोळा-सतरा मिलिसेकंदांची. यूपीएस मोडला दहाच्या आसपास लागतात. पण यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइन घेतच नाही. संध्याकाळी व्होल्टेज १७० ला आला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि लाइन असून बॅटरी संपते. लोक म्हणतात बॅटरी खराब. आधी मीटर लावून बघा.

कराडची_तायडी
आले परत. ज्यांच्या पीसीचं घड्याळ रोज मागं जातं आणि ब्राउझरमध्ये सगळ्या साइट असुरक्षित दाखवतात, त्यांचा गोल सेल संपलाय. सीआर२०३२. मीटरवर २.८ च्या खाली असेल तर बदला.

हळद_पेठ
सेल बदलला आणि विंडोज निळी स्क्रीन देतंय ताई, तेव्हापासूनच.

कराडची_तायडी
सेल काढला की बायोसची सेटिंग मूळ जागी जातात. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलला असणार. बायोसमध्ये जा, एएचसीआय असेल तर आयडीई किंवा रेड (RAID) करून बघ, आणि उलट. चालू झालं की रॅमचं एक्सएमपी (पूर्ण वेगाची सेटिंग) पण परत चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ ला चालत राहील. आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेव.

हळद_पेठ
आयडीई केलं, चालू झालं. फोटो काढतोय.