स्क्रिप्टच्या हाती पासवर्ड मॅनेजर द्यावा का?

टर्मिनलवासी:
बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडाच लिहिलेला आजही सर्रास दिसतो. फाईल एकदा गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) गेली की नंतर ती ओळ काढूनही उपयोग नसतो, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या आवृत्तीत, पासवर्ड तसाच राहतो. त्यापेक्षा स्क्रिप्टने गरजेच्या वेळी तो मॅनेजरकडून मागून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ‘पास’ या मॅनेजरमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे जीपीजी या प्रोग्रामने एन्क्रिप्ट केलेली स्वतंत्र फाईल, ‘पास शो’ म्हटलं की मजकूर समोर. कीपासएक्ससी, बिटवॉर्डन, वनपासवर्ड, या सगळ्या मॅनेजरना कमांड लाइन आहे, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनीही ते चालतात. मग आळस कशासाठी?

कुलूपकिल्ली:
अजिबात पटलं नाही. आधी एक पासवर्ड उघडा होता, आता अख्खी तिजोरी! बिटवॉर्डन अनलॉक केलं की एक सेशन की (तिजोरी उघडणारी तात्पुरती किल्ली) मिळते आणि लोक ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, इतर प्रोग्रामना आपोआप देतो त्या मूल्यांत) एक्स्पोर्ट करून मोकळे होतात. त्यानंतर त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम ती वाचू शकतो, एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) एखाद्या पॅकेजसोबत चालणारी इन्स्टॉल स्क्रिप्टसुद्धा. बॅकअपच्या एका पासवर्डापायी ईमेल आणि बँक पणाला लावायची? ‘पास’च्या फायली वेगळ्या असल्या तरी त्या उघडणारी की एकच.

टर्मिनलवासी:
एकच असायला हवी असं नाही. ‘पास’मध्ये उपफोल्डरसाठी वेगळी जीपीजी की ठरवता येते. कीपासएक्ससीत स्क्रिप्टपुरता वेगळा डेटाबेस (पासवर्डांची फाईल) ठेवा. वनपासवर्डच्या सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्रामसाठीच्या खात्याला) ठरावीक व्हॉल्टचीच, म्हणजे तिजोरीच्या कप्प्यांचीच, परवानगी देता येते. सेशन की एक्स्पोर्ट करू नये, हे मान्य. ती त्या एका कमांडपुरतीच द्यावी.

रात्रपाळी:
माणूस समोर बसला असेल तर ठीक. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने) मध्यरात्री चालवलेल्या स्क्रिप्टला पासफ्रेज, म्हणजे की उघडणारा पासवर्ड, कोण देणार? जीपीजी एजंट मूळ सेटिंगनुसार शेवटच्या वापरानंतर 600 सेकंदच पासफ्रेज लक्षात ठेवतो, आणि वापर चालू असला तरी 7200 सेकंदांनी विसरतो. मग कंटाळून मास्टर पासवर्डच फाईलमध्ये लिहिला जातो. म्हणजे येरे माझ्या मागल्या.

मिताक्षरी:
वाद साठवणुकीवर चाललाय, गळती मात्र पुढच्या पायरीवर होते. मॅनेजरमधून नीट काढलेला पासवर्ड स्क्रिप्टने दुसऱ्या प्रोग्रामला आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे कमांडच्या ओळीतच, दिला, की तो ‘पीएस’च्या (चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत वाचता येतो, लिनक्सवर सहसा त्याच मशीनवरच्या दुसऱ्या युजरलाही. (एन्व्हायर्नमेंट निदान तुमच्या युजरला आणि रूट या सर्वाधिकारी युजरलाच दिसतं.) म्हणून पासवर्ड पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून, तिच्या स्टँडर्ड इनपुटला द्या. बॅश या शेलमध्ये पासवर्ड पाइपमध्ये टाकणारं ‘प्रिंटएफ’ शेलच्या आतच चालतं, त्यामुळे ते त्या यादीत येत नाही. आणि डीबगसाठी लावलेलं ‘सेट -एक्स’ (चालणारी प्रत्येक कमांड छापणारं सेटिंग) काढायचं राहिलं, तर पासवर्ड थेट लॉगमध्ये छापला जातो. कृपा करून हे तपासाच.

कुलूपकिल्ली:
वेगळ्या कीचा मुद्दा पटला, पाइपचाही. पण सर्व्हरवर कुणाचा वैयक्तिक मॅनेजर नकोच. तिथे सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) ‘लोडक्रेडेन्शियल’ने त्या सेवेला लागेल तेवढंच गुपित पोचवा, आणि बॅकअपसाठी फक्त वाचण्याचे हक्क असलेला डेटाबेस युजर करा.

टर्मिनलवासी:
सर्व्हरपुरतं मान्य. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र मी मागे हटणार नाही. तिथे स्क्रिप्टला पर्याय म्हणजे कॉपी-पेस्ट, आणि क्लिपबोर्ड इतर प्रोग्रामही वाचू शकतात. ‘पास’ तो 45 सेकंदांनी पुसतं खरं, पण चोरायला तेवढे सेकंद लागतच नाहीत.