चर्चा: बंगल्याच्या एलेव्हेशनवर १.६१८ चा आग्रह कशासाठी?

गुण्या (कोथरूड):
एलेव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूच्या नकाशावर, सोनेरी गुणोत्तराचं (१.६१८:१) सर्पिल चढवायचं आणि क्लायंटला सांगायचं, 'अथेन्सचं प्राचीन मंदिर पार्थेनॉनसुद्धा याच गुणोत्तरात आहे.' पुण्यातल्या ऑफिसांनी आता हे बंद करावं. पार्थेनॉनची सर्वांत वरची पायरी ३०.९ मीटर रुंद आणि ६९.५ मीटर लांब आहे. म्हणजे ९:४, २.२५. दर्शनी बाजूला रुंदी आणि कॉर्निसपर्यंतची (छताखालच्या पुढे आलेल्या काठापर्यंतची) उंची घेतली तरी पुन्हा ९:४ च. १.६१८ हवं असलं की कुणी पायऱ्या धरतं, कुणी सोडतं, कुणी पडलेलं त्रिकोणी शिखर मनानं पुरं करतं. चौकट आधी ठरवून माप तिच्यात कोंबायचं, याला मोजणं म्हणत नाहीत.

ओळंबा (सदाशिव पेठ):
पार्थेनॉनचं मान्य. पण म्हणून साधनच टाकून द्यायचं? वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचा मोड्युलर घ्या, म्हणजे माणसाच्या शरीरावरून बांधलेली त्याची मापपद्धत. माणूस १.८३ मीटर, बेंबी १.१३ वर, हात वर केला की २.२६. १.१३ ला १.६१८ नं भागत गेलं की त्याच साखळीत पुढे ७० सेंमी टेबल, ४३ सेंमी बैठक. ओटा, खिडकी, कपाट एकाच साखळीतून आले की मापांचं एकमेकांशी नातं राहतं. डोळ्याला ते जाणवतं, ही अंधश्रद्धा नव्हे.

गुण्या:
तो माणूस आधी १.७५ मीटरचा होता. सहा फुटांशी जमावं म्हणून १.८३ केला. आणि हात वर केल्याचं २.२६ हे माप छताला धरलं तर ती उंची इथे चालणारच नाही, राहत्या खोलीला किमान २.७५ लागते. साखळी सोयीनुसारच सरकते, मग तिला निसर्गनियम का म्हणायचं?

अंगुळ (कसबा पेठ):
शरीराचं बोलताय म्हणून. सोनेरी गुणोत्तर अंगभर असल्याचा दावा जर्मन लेखक आडोल्फ झायसिंगनं १८५४ मध्ये मांडला. त्याच्या कितीतरी आधी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीचं माप १०८ अंगुळं (बोटाच्या रुंदीएवढं एकक) दिलेलं आहे: चेहरा १२, मान ४, मानेपासून हृदय १२, तिथून बेंबी १२, पुढे जननेंद्रियापर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. तळव्यापासून बेंबी ६८. १०८ भागिले ६८ म्हणजे १.५८८. पूर्णांकांत काम भागतंय, कारण शिल्पकाराला दोरीवर गाठी मारायच्या असतात.

ओळंबा:
म्हणजे १.६ च्या आसपास आलंच की!

अंगुळ:
आसपास ३:२, ५:३, ८:५ सगळीच बसतात. १६५ सेंमी उंचीच्या माणसाची बेंबी १०० वर धरली तर १.६५, १०२ वर धरली तर १.६१८. दोन सेंमीचा फरक तर टेप कुठे टेकवला यातच पडतो.

गुण्या:
साइटवर हेच होतं. ३ मीटर रुंद खोलीला लांबी ४.८५४ निघते. ६०० मिमीच्या टाइलच्या आठ ओळी बसून ५४ मिमीची पट्टी उरते. ती कापताना तुटते आणि भिंतीकडेला कायम डोळ्यात खुपते. ४.८० ठेवा: ५ बाय ८ टाइल, एकही तुकडा नाही. शिवाय दोन्हीकडचं १२ मिमी प्लास्टर विटांच्या मापातून वजा झालं की ते १.६१८ राहतच नाही.

ओळंबा:
टाइलचं पटलं, ५:८ नंच काढू. खिडकीचं मात्र सोडणार नाही. २.४ बाय १.५ मीटरच्या (८:५) खिडकीत १.५ चा चौरस फिक्स काच, उरलेले ९० सेंमी उघडणारे. दोन सारख्या स्लायडिंगपेक्षा दर्शनी भाग किती तरी शांत दिसतो.

गुण्या:
९० सेंमीची झडप बिजागरीवर झुकते, दोन पावसाळ्यांत खाली घासायला लागते. उघडणारा भाग ६० चा करा, काच १.८ ची. गुणोत्तर ३:१ झालं तरी बेहत्तर.