वाचनालयाच्या खोलीत चौघांचं चित्रप्रदर्शन : किंमत लावावी का, आणि पावसाचं काय?

कागदवेडी

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं रविवारी सकाळी पुण्याच्या पेठांमध्ये बसून चित्रं काढतो. ओळख तिथेच झाली. मी बँकेत नोकरी करते आणि जलरंगात काम करते. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते गेली कित्येक वर्षं चारकोलमध्ये तांबट आळीतले, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, कारागीर काढतायत. हातोडा उचललेला दंड, घडा मांडीत धरून बसलेला माणूस, असं सगळं. तिसरी मैत्रीण वुडकट करते, म्हणजे लाकडावर चित्र कोरून त्याचे छाप काढते. चौथा मुलगा कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो कॅनव्हासवर तैलरंगात नदीकाठ आणि मेट्रोचे खांब रंगवतो.

आमच्या कसब्यातल्या एका जुन्या वाचनालयानं पहिल्या मजल्यावरची खोली आठवडाभर द्यायचं कबूल केलंय, जुलैच्या शेवटी. दोन लांब भिंती मोकळ्या आहेत, तिसऱ्या भिंतीला रस्त्याकडच्या खिडक्या. भिंती चुन्याच्या, त्यामुळे खिळा मारायचा नाही ही पहिली अट.

अडचणी सांगते. जुलैत माझ्या कागदांचं काय होईल याची धास्ती आहे. किमती चित्राखाली लिहाव्यात की कोणी विचारलं तरच सांगाव्यात, यावर आमच्यात एकमत नाही. विद्यार्थी मित्राला आपल्या कॅनव्हासची किंमत भरपूर ठेवायची आहे, तर काका म्हणतात मला एकही चित्र विकायचं नाही, लोकांनी बघितलं की पुरे. वाचनालय म्हणतंय, भाडं द्या किंवा विक्रीतला काही टक्के हिस्सा द्या, तुम्हीच ठरवा.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न : माणसं येतील का? आमच्या चौघांच्या नातेवाइकांपलीकडची माणसं. मला मनापासून वाटतं की ही चित्रं ज्या गल्ल्यांची आहेत तिथल्या लोकांनी ती बघावीत. ते कसं जमवायचं?

---

फ्रेमकरी

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, तेव्हा पावसाचं तेवढं सांगतो.

जलरंगाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. माउंटमुळे कागद आणि काच यांच्यात फट राहते. काचेला कागद टेकला तर आत धरलेला दमटपणा थेट कागदावर बसतो आणि मग तपकिरी ठिपके उठतात, ते जात नाहीत. माउंट आम्लमुक्त मागा, थोडा महाग पडतो पण कागद पिवळा पडत नाही. मागची बाजू कागदी टेपनं पूर्ण बंद करा. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. बाहेरच्या पावसाची झड ज्या भिंतीवर बसते तिथे कागदाची कामं नकोतच, तिथे तैलरंग लावा. चारकोललाही हेच सगळं लागू, शिवाय फिक्सेटिव्ह (चारकोल पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारलेलं असलं तरी काच हवी.

तैलरंगाला काच नको. रंग जाड असेल तर वॉर्निशची घाई करू नका, सहा महिने तरी जाऊ द्या. वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. आणि रिक्षातून नेताना दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवू नका.

खिळा चालत नाही तर जुन्या वाड्यांच्या खोल्यांत बहुतेक वर लाकडी तुळया असतात, त्यांना आडवी पट्टी बांधा आणि तिथून साखळी किंवा मासेमारीची जाड नायलॉन दोरी सोडा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. सगळे एकाच उंचीवर मध्य धरा, वरची कड नव्हे.

अजून एक. तुमचे जलरंग पाव इम्पीरियल कागदावर, म्हणजे ११ बाय १५ इंच असतील तर सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या करून घ्या. न विकलेल्या कामाची फ्रेम पुढच्या वेळी दुसऱ्या चित्राला चालते. खर्च पहिल्या प्रदर्शनात वसूल होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

---

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

कागदवेडी ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच आधी लिहितो. मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका छोट्या दालनाचं काम बघतो. तिथे बसून बसून जे दिसलं ते सांगतो.

वस्तीतल्या खोलीत येणारा माणूस चित्रात पहिल्यांदा जागा शोधतो. 'हा आमचा बोळ', 'हे झाड आता नाही', 'हा अमक्याचा मुलगा'. पुष्कळ चित्रकारांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं यानं रंग बघितलेच नाहीत. मला तसं वाटत नाही. ती ओळख पटली की तोच माणूस पाच मिनिटं जास्त थांबतो आणि मग तुमची सावली निळी का आहे हे विचारतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता खात्रीनं सांगतो. म्हणून प्रत्येक चित्राखाली मराठीत चार गोष्टी लिहा : जागा कुठली, वेळ कुठली, माध्यम आणि माप. 'शीर्षकहीन' लिहू नका, 'रचना क्रमांक ३' तर नकोच.

काकांच्या चारकोलसाठी तर हवंच. ज्या आळीत ते बसतात तिथल्या तांबटांचं चित्रकलेशी जुनं नातं आहे. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट (इंग्रजांचा वकील) चार्ल्स मॅलेटच्या आश्रयानं पुण्यात काम करत होता. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट नावाचा पुणेकर चित्रकार तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची त्यानं काढलेली रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आडनाव बघा. हे चार ओळींत लिहून काकांच्या भिंतीवर लावा. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके देण्याचं काम, करणाऱ्या माणसाला आपल्या आळीचं हे नाव वाचताना काय वाटेल याचा विचार करा, आणि त्या कारागिरांना घरी जाऊन निमंत्रण द्या. व्हॉट्सॲपवर पाठवून ते येणार नाहीत. उद्घाटनही त्यांच्यातल्या एखाद्या वयस्कर कारागिराच्या हस्ते करा. प्रमुख पाहुण्यांची वाट बघत प्रेक्षक ताटकळले की ते पुन्हा फिरकत नाहीत.

वेळ : अकरा ते पाच ठेवू नका. संध्याकाळी पाच ते साडेआठ, जेव्हा वाचक पुस्तकं बदलायला येतात. तुमचा हक्काचा प्रेक्षक तोच, तो रोज जिना चढतोच आहे. रविवारी सकाळी तुमच्या मैत्रिणीनं वुडकटचं प्रात्यक्षिक करावं. लाकूड कोरणं, शाई फिरवणं, कागद उचलणं हे बघायला मुलं गर्दी करतात. जवळच्या शाळांच्या ड्रॉइंग शिक्षकांना सांगा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं पाठवतील. या मुलांनी स्थिरचित्र काढलेलं असतं, पण खरं, हातानं केलेलं, भिंतीवर टांगलेलं चित्र जवळून फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

किंमत लिहाच. आपल्याकडे किंमत विचारणं म्हणजे घ्यायलाच हवं असं लोकांना वाटतं, म्हणून ते विचारत नाहीत आणि तसेच निघून जातात. काकांना विकायचं नसेल तर तो त्यांचा अधिकार, 'विक्रीसाठी नाही' लिहा. मात्र त्यांना एक सुचवा : दोन-तीन रेखाटनांच्या चांगल्या कागदावर छापील प्रती ठेवा, चार-पाचशे रुपयांत. याला कमीपणा मानायचं कारण नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी याच शहरात चित्रशाळा काढली आणि तिथली रंगीत शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रं साध्या घरांच्या भिंतींवर गेली. वुडकटला तर मूळ स्वभावच प्रतींचा आहे, प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं क्रमांक आणि सही घाला.

विद्यार्थ्याला सांगा, किंमत वर न्यायला पुढे खूप वाव असतो, खाली आणता येत नाही. ज्यानं आज घेतलं त्याचा विश्वास जातो. आणि मित्राला एक भाव, अनोळख्याला दुसरा, असं अजिबात नको.

वाचनालयाला टक्केवारी द्या. व्यापारी कलादालनं एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घेतात, इथे पंधरा-वीस टक्क्यांवर भागेल. भाडं घेतलं की त्यांचं काम संपतं, हिस्सा असला की ग्रंथपाल स्वतः वाचकांना वर पाठवतात. जे ठरेल ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, चित्राला इजा झाली तर कोणी भरायचं हेही त्यात येऊ द्या.

हक्कांचं थोडक्यात. चित्र विकलं म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असं होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो चित्रकाराकडेच राहतो, लेखी करारानं दिला तरच जातो. मात्र कोणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा तो हक्क काढून घेणाऱ्याचा. पावतीवर एक ओळ टाकली की पुढे वाद नाही.

आणि एक जण कायम तिथे बसलेला हवा. पाळ्या लावा. मोबाइल बघत बसू नका, स्केचबुक घेऊन काढत बसा.

---

संभाजी पूल

मास्तरांशी थोडा असहमत आहे. एवढी तयारी करणार असाल तर बालगंधर्वच्या कलादालनासाठी नंबर लावा. १९६८ पासूनचं रंगमंदिर, आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व, नाटकाला आलेली माणसं तिकीट काढून झाल्यावर सहज दालनात डोकावतात. मी स्वतः घरातलं एक निसर्गचित्र तसंच घेतलंय, नाटकाला लवकर पोहोचलो म्हणून. कसब्यातल्या जिन्यावरून वर कोण चढणार? गाडी लावायला जागा नाही.

---

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

बालगंधर्वला जरूर जावं, घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनातही जावं. पण तिथे शहर येतं. तांबट आळीतला कारागीर संध्याकाळी काम सोडून जंगली महाराज रस्त्याला जाईल असं मला वाटत नाही, आणि ताईंना तोच हवा आहे. शिवाय गाडीचा प्रश्न चालत येणाऱ्याला पडत नाही.

---

कागदवेडी

सगळ्यांचे खूप आभार. काल चौघं बसलो. किमती लिहायच्या ठरल्या, टक्केवारी अठरा. काका छापील प्रतींना लगेच तयार झाले नाहीत, पण गंगाराम तांबटांचं वाचल्यावर त्यांनी विचारलं, 'आळीतल्या लोकांना प्रत फुकट दिली तर चालेल ना?' चालेलच. ज्यांची रेखाटनं आहेत त्या प्रत्येकाला एक प्रत द्यायची ठरलंय, बाकीच्या विकायच्या. निमंत्रण द्यायला काका आणि मी शनिवारी घरोघरी जाणार आहोत.

विद्यार्थी मित्र अजून किमतीवर अडून आहे. सगळ्यात मोठ्या कॅनव्हासवर त्याचा फार जीव आहे, आणि मला वाटतं त्याला तो द्यायचाच नाहीये. त्याच्याखाली सरळ 'विक्रीसाठी नाही' लिहू आणि त्याच्या बाकीच्या तीन कॅनव्हासच्या किमती लोकांना परवडतील अशा ठेवू, असं मी सुचवलंय.

पावसाच्या बाजूच्या भिंतीवर त्याचेच तैलरंग जातील. खिडक्यांसमोर मात्र काहीच टांगता येत नाही, तिथे वुडकटचे कोरलेले ठोकळे आणि काही चित्रं ईझलवर (चित्र ठेवायच्या लाकडी घोडीवर) ठेवायचा विचार आहे. घडीचे चार-पाच ईझल आठवड्यापुरते उसने कुठे मिळतील?

---

फ्रेमकरी

माझ्याकडे तीन आहेत, सागवानी. दुपारी दुकानात येऊन बघून जा. ठोकळे ईझलवर ठेवू नका, जड पडतील. त्यांना टेबलच हवं, वाचनालयाकडे मागा.