प्रतिसाद: काच खडखडते, पण दोष बाहेरच्या पट्टीचा नाही

दादा, तुमच्या १९७२ च्या शेवरोले सी-१० पिकअप ट्रकच्या दाराची काच खडखडते म्हणून वर सगळे बाहेरची पट्टी (दाराच्या वरच्या कडेला काचेला टेकते ती) बदला म्हणतायत, पण ती पट्टी मुख्यतः काचेवरचं पाणी निपटते हो, काच धरून ठेवतो तो चॅनल, म्हणजे काच ज्या खाचेत वर-खाली सरकते ती, त्यातल्या फेल्टचा (मऊ नमद्याच्या अस्तराचा) भुगा झाला की काच हलणारच. चॅनल बदलताना पुढच्या तिकोनी काचेची फ्रेम आधी सोडवून घ्या, उगाच ओढाताण केलीत तर चॅनलचं नवं कोरं रबर फाटेल. आणि प्लीज चॅनलला ग्रीस नको, धूळ धरतं, सिलिकॉन स्प्रे मारा. दाराचं आतलं पॅनल उघडलंयच तर दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, नवीन रबर लावलं तरी थोडं पाणी आत उतरतंच, ते साचलं की पत्रा आतून सडतो.