वर्गणी मागा, पण आंब्याच्या हंगामात
शेतीच्या मासिकाचा छापील अंक बंद करून तो ऑनलाइन केला की बागायतदार वर्गणीचे पैसे देणार नाहीत, असं काहींचं म्हणणं आहे. मला अर्धंच पटलं. आमच्या देवगडच्या आंब्याच्या बागेत मोबाइलला रेंज नाही. फवारणीचं वेळापत्रक अंकातून कापून पंपाच्या खोलीत चिकटवलंय, औषधाच्या डागांसकट. पीडीएफ भिंतीला चिकटत नाही. पण टपालाने जानेवारीचा अंक महिनाअखेरीस यायचा, तोवर मोहोरावरचे तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे किडे, आपलं काम उरकून मोकळे! वेळेवर सल्ला मिळाला तर पैसे देईन की. फक्त वर्षाची वर्गणी पावसाळ्यात मागू नका, आमचे पैसे एप्रिल-मेमध्येच सुटतात. आणि हो, छापील मासिकावर जीएसटी नाही, ऑनलाइन वर्गणीवर 18 टक्के. तो कुणाच्या माथी मारणार?