लेव्हिटाउनची घरं कुणाच्या जिवावर?

नंदिनी: परवा इथे एकाने लिहिलं, 'दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कामगारांनी घाम गाळून उपनगरात घरं घेतली, काळ्यांना कुणी अडवलं होतं?' वाचून डोकं फिरलं. सरकारने अडवलं होतं! कर्जाची हमी देताना फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे सरकारी खातं वस्तीतल्या लोकांचा रंग बघायचं. लेव्हिटाउन म्हणजे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर युद्धानंतर उभारलेलं एकसारख्या स्वस्त घरांचं उपनगर. त्याच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही असं कलमच होतं. घरगडी तेवढा चालायचा.

दत्ता सांगलीकर: आठ हजार डॉलरच्या आत घर! सासऱ्यांकडे एका खोलीत संसार करणारे सैनिक हक्काच्या घरात गेले. यात वाईट काय? उठसूट वंशवाद कशाला उकरायचा?

नंदिनी: विल्यम मायर्सही माजी सैनिकच होता, पण काळा. ऑगस्ट १९५७ मध्ये तो आणि बायको डेझी त्याच बिल्डरच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनात राहायला गेले, तर दारात जमाव आणि खिडकीवर दगड. हेही मीच उकरलं का?

सुलभाताई: आणि बायकांचं काय? मी १९७२ ला न्यू जर्सीत आले. पगार नवऱ्याइतकाच. घरासाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेतला माणूस म्हणाला, 'मुलं कधी?' माझी पगाराची चिठ्ठी त्याने उघडलीसुद्धा नाही. तेव्हा ही सर्रास पद्धत होती. कर्ज देताना बाई-पुरुष भेद करायला बंदी घालणारा कायदा आला १९७४ ला.

दत्ता सांगलीकर: ताई, पण धुलाई यंत्रासकट घर मिळत होतं. बायका सुखात होत्या.

सुलभाताई: यंत्र होतं, कपडे वाळत घालायला दोरी कुठे होती? लेव्हिटाउनात अंगणात दोरी बांधायला बंदी! गाडी एकच, ती नवरा घेऊन गेला की बाई दिवसभर घरात.

मिलिंद: दोरीचं नाव काढू नका! टेक्ससमध्ये आईची नऊवारी मागे वाळत घातली म्हणून सोसायटीची नोटीस आली. साडी यंत्रात सुकवायची?

वर्षा: नियम वाचून घर घ्यायचं ना! शेजाऱ्याने रोज चड्ड्या बघायच्या का?

मिलिंद: उन्हात कपडे वाळवणं गुन्हा आहे?

वर्षा: आवाज चढवू नका.

नंदिनी: दोऱ्या पुरे! दत्ता, उत्तर द्या.

दत्ता सांगलीकर: सरकारचा हात होता, मान्य. पण १९६८ ला घरांबाबतचा भेदभाव कायद्याने बंद झाला ना?

नंदिनी: तोवर त्या घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या. गोऱ्यांच्या मुलांना ती वारशात मिळाली. मायर्सच्या पिढीतल्या बाकीच्या काळ्यांनी मुलांना काय द्यायचं होतं?