स्थानिक गरजेवर धंदा उभारणाऱ्या तरुणांना ‘वाढ किती?’ हा पहिला प्रश्न विचारू नका

कातळ:
तरुण उद्योजकांच्या एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले होते. एका मुलीने घरी येऊन व्हीलचेअर दुरुस्त करून देण्याची सेवा मांडली. अभ्यास पक्का होता. पुढच्या छोट्या चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, बेअरिंग जाम होतं, खुर्ची एका बाजूला ओढायला लागते आणि ती ढकलून ढकलून बसणाऱ्याचा खांदा दुखावतो, हे तिने चाक उघडून दाखवलं. ब्रेक ढिला असेल तर खुर्चीतून पलंगावर सरकताना माणूस पडतो, हेही सांगितलं. शेजारच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, ‘हे पन्नास शहरांत कसं नेणार?’ तिला धड उत्तर देता आलं नाही. बक्षीस दुसरीकडे गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. गरज जवळची असेल तर पहिले प्रश्न दोनच: ज्याने एकदा पैसे दिले तो पुन्हा बोलावतो का, आणि वस्तू बिघडली तर किती वेळात कोण येतं? वाढीचं त्यानंतर बघू.

उलट्या क्रमाने गेलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप. मुलांनी चक्री फिरवायची आणि त्या जोरावर जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं. कल्पना सगळ्यांना आवडली. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी मोठा निधी जाहीर झाला, २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं. पण पाणी रोज लागतं आणि मुलं दिवसभर खेळत नाहीत. कित्येक ठिकाणी ती जड चक्री बायकांनाच हाताने फिरवावी लागली, आणि मोडली की दुरुस्तीला महिनोन्‌महिने कुणी फिरकेना. मोहीम आवरती घ्यावी लागली. पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारलं असतं तर चार पंपांतच हे कळलं असतं.

हिशेबनीस:
कळकळ पोचली, पण निष्कर्ष पटत नाही. त्या मुलीची सेवा एका गावात उत्तम चालेल हे मान्य. ती आजारी पडली तर? लग्न, नोकरी, घरातलं दुखणं, काहीही. एका माणसाच्या हातावर चालणारा धंदा त्या हातासोबत थांबतो, आणि तिच्या भरवशावर बसलेली माणसं पुन्हा जिथल्या तिथे येतात. वाढ म्हणजे हाव असं तुम्ही धरून चालला आहात. वाढीमुळेच दुसरा, तिसरा कारागीर पगारावर ठेवता येतो.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घ्या. १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं. गरज अगदी जवळची, मोतीबिंदूने आंधळी होणारी माणसं. ते ११ खाटांवर समाधान मानून बसले असते तर? डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून महाग येत होतं म्हणून १९९२ मध्ये त्यांनी स्वतःची ऑरोलॅब काढली आणि भिंग गरिबाच्या आवाक्यात आलं. हे प्रमाणामुळे जमलं. रोज पाच शस्त्रक्रिया करणाऱ्याला भिंगाचा कारखाना परवडत नाही. बेअरिंगचंही तेच. किरकोळीत घ्याल तर दुरुस्ती महाग, घाऊक घ्याल तर स्वस्त, आणि घाऊक घ्यायला गिऱ्हाईक हवं.

तेव्हा परीक्षकांचा प्रश्न रास्त होता. उत्तर तयार करायला त्या मुलीला कुणीतरी मदत करायला हवी होती, इतकंच.

निरभ्र:
दोघांच्याही गृहीतकावर माझा आक्षेप आहे. ज्याला व्हीलचेअर दुरुस्तीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याकडेच बहुधा पैसे नसतात. गरज आणि मागणी यांत हे अंतर आहे आणि धंदा मागणीकडे जातो. जाणारच, त्यात उद्योजकाचा दोष नाही. पण मग पिण्याचं पाणी, अपंगांची साधनं, दवाखान्यापर्यंतची वाहतूक ही कामं ‘तरुणांनी स्टार्टअप काढून सोडवावीत’ असं म्हणत राहणं म्हणजे सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकणं आहे. त्याचं जमलं तर आपण सत्कार करतो. नाही जमलं तर कर्ज त्याचं.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झालं ते आठवा. छोटी कर्जं गरिबांपर्यंत पोचवणं ही खरी गरज होती. त्यात मोठं भांडवल शिरलं, कर्जांची संख्या वाढवत नेण्याची शर्यत लागली, एकाच बाईच्या नावावर अनेक कंपन्यांचे हप्ते. वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. गरिबाची गरज हीच बाजारपेठ धरून धावत सुटलं की इथवर येतं.

पानापक्कड:
मी सौर दिवे दुरुस्त करतो, म्हणून थोडं जमिनीवरचं.

दिवा बिघडला म्हणून माणूस येतो तेव्हा बरेचदा पॅनेल चांगलं असतं आणि एलईडीही चांगला असतो. वायर प्लगच्या तोंडाशी तुटलेली असते, कारण रोज तिथेच वाकते. नाहीतर बटण गेलेलं असतं. नाहीतर बॅटरी म्हातारी झालेली असते. पहिली दोन कामं चहा निवायच्या आत होतात. बॅटरीचं मात्र अडतं. मोठ्या कंपनीच्या दिव्यात ती खास आकाराची असते, डबा गोंदाने चिकटवलेला असतो, उघडला की फुटतो. कंपनीकडे विचारलं तर सांगतात नवीन घ्या. अशा ठिकाणी छोटा धंदा मोठ्याच्या मेहेरबानीवर जगतो.

हिशेबनीस, तुमचं एका हातावरच्या धंद्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी पोरं शिकवतो. शिकली की ती स्वतःचं दुकान टाकतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण कागदावर माझा धंदा ‘वाढला’ असं कधीच दिसणार नाही.

निरभ्र, पैसे नसतात हे अर्धंच खरं. पैसे एकदम नसतात. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला महिन्याचा हप्ता सांगितला की तो तोंड फिरवतो. तीच रक्कम रोज थोडी थोडी घेतली की देतो, आणि बुडवत नाही. वसुलीला रोज जावं लागतं, हा त्यातला खर्च. तो मोठ्या कंपनीला परवडत नाही, मला परवडतो, कारण मी त्याच रस्त्याने घरी जातो.

सावली:
‘तरुणच’ का, हे कुणी सांगेल का? अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांचा अभ्यास झालाय, त्यांत संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ आलं. वर ज्या अरविंदचं उदाहरण दिलं, ते काढणारे डॉ. वेंकटस्वामी तेव्हा ५८ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. जवळची गरज ओळखायला तिथे बरीच वर्षं काढलेली असावी लागतात. वीस-बावीसच्या मुलांना स्पर्धेच्या मंचावर उभं करून आपण घाई करतोय. त्यांनी आधी पानापक्कड यांच्यासारख्या कुणाच्या हाताखाली दोन वर्षं काढावीत.

कातळ:
सावली, हाताखाली काढावीत हे एकदम मान्य. पण त्या मुलीची आजी व्हीलचेअरवर आहे. गरज तिने घरात बघितली आहे, त्याला वय लागत नाही.

हिशेबनीस, मोठं होण्याचा एकच रस्ता तुम्ही धरताय, एकाच कंपनीच्या शाखा वाढवण्याचा. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगानंदम यांनी सॅनिटरी पॅड बनवायचं छोटं यंत्र तयार केलं आणि ते महिलांच्या बचतगटांना विकलं. यंत्र मोठ्या कंपन्यांना विकायला ते तयार झाले नाहीत. गावोगावच्या बायका स्वतः पॅड बनवायला, विकायला लागल्या. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काम पसरलं, आणि पैसा ज्या त्या गावात राहिला. व्हीलचेअरच्या कामातही हेच करता येईल. हत्यारांची पेटी, सुट्या भागांची यादी, शिकवायची पद्धत एकीने बसवायची आणि दुसऱ्या गावातल्या दुसरीला द्यायची.

हिशेबनीस:
उदाहरण चांगलं आहे, पण त्यातली अडचण सांगतो. ठिकठिकाणी माल बनला की दर्जा ठिकठिकाणचा होतो. पॅड किती शोषतं, कापूस स्वच्छ आहे का, हे प्रत्येक गटात कोण तपासणार? गिऱ्हाइकाला एकदा वाईट अनुभव आला की ती बाई नावाजलेल्या ब्रँडकडे जाते आणि परत येत नाही. व्हीलचेअरच्या ब्रेकच्या बाबतीत तर ‘वाईट अनुभव’ म्हणजे हाड मोडणं. प्रमाणपत्र, तपासणी, तक्रार कुठे करायची याची व्यवस्था, हे सगळं करायला मध्ये संस्था लागते आणि संस्थेला पैसा लागतो.

केनियातलं एम-पेसा बघा. मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, मार्च २००७ मध्ये सुरू झाली. आसपासच्या दुकानदारांनाच त्यांनी एजंट केलं, म्हणजे तुमच्या भाषेत अगदी जवळची. पण मागे सफारीकॉमसारखी मोठी दूरसंचार कंपनी नसती तर ते दुकानदार एकटे काय करणार होते?

कातळ:
एम-पेसाची सुरुवातही बघा की. आधी छोटी चाचणी होती, आणि ती लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून भरण्यासाठी होती. लोकांनी भलतंच केलं. लांबच्या नातेवाइकांना पैसे पाठवले. प्रवासात रोकड जवळ नको म्हणून इथे भरले आणि तिकडे पोचल्यावर काढले. हे बघून करणाऱ्यांनी सेवेचा रोखच बदलला आणि मग देशभर नेली. पहिल्याच दिवशी कुणी ‘हप्तेफेड पन्नास शहरांत कशी नेणार’ म्हणून धरलं असतं, तर चुकीची गोष्ट पन्नास शहरांत गेली असती. मोठं व्हायला माझा विरोध नाही. थोड्या लोकांत काय चाललंय ते बघायला वेळ न देता मोठं करायला आहे.

निरभ्र:
आणि त्या चाचणीला पैसा कुणाचा होता? ब्रिटिश सरकारच्या मदत खात्याने त्यात निम्म्याचा वाटा उचलला होता. बघत बसायला लागणारा वेळ करदात्यांच्या पैशातून विकत घेतला गेला. मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय. सार्वजनिक पैसा मागे असेल तर तरुणाने जरूर करावं. त्याने आईचे दागिने गहाण ठेवून प्रयोग करावा, याला माझा विरोध आहे.

हिशेबनीस:
इथे आपण जवळ आलो. फक्त एक अट घालतो. सार्वजनिक पैसा घ्यायचा तर हिशेब उघडा ठेवायचा. किती खुर्च्या दुरुस्त झाल्या, त्यातल्या किती महिन्याभरात परत आल्या. नाहीतर अनुदान संपेपर्यंत चालणारे प्रकल्पही कमी नाहीत. आणि वाढीचा प्रश्न मी पहिल्या दिवशी नाही, पण वर्षाने विचारणारच. त्यावर मी ठाम आहे.

पानापक्कड:
पैशाइतकंच दुसरं काहीतरी मागा. सुटे भाग आणि आतला नकाशा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे नियम मंजूर केले. त्यांत ठरावीक वस्तूंच्या कंपन्यांवर हमीची मुदत संपल्यावरही दुरुस्तीची जबाबदारी टाकली आहे, आणि सुटे भाग वाजवी दरात द्यायला सांगितलंय. असं सगळीकडे झालं तर माझ्यासारख्याला अनुदान मागायची पाळी येणार नाही. व्हीलचेअरचं काम करणाऱ्या त्या मुलीने खुर्च्या बनवणाऱ्यांकडून चाकांची आणि बेअरिंगची मापं लेखी घेऊन ठेवावीत. दोन बनावटींना चालणारं एक बेअरिंग सापडलं तरी तिच्या पेटीतलं निम्मं ओझं कमी होईल. तिला इथे बोलवा, कातळ. मापं कशी घ्यायची, व्हर्निअर कसा धरायचा, ते मी दाखवीन.